ब. क. व्यंकट कोण?

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "सर, हट्ट्याचा तो विस्मृतीत गेलेला चित्रकार तुम्ही कसा शोधलात, त्यावर लिहा." मी भिडेपोटी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर पंचाईत लक्षात आली. मी शोध लावला हे खरं आहे, पण तो चुकीचा लावला. मग दुरुस्त केला, तर दुरुस्तीही चुकली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्या प्रकरणाचा विचार करायला बसलो की डोकं गरगरतं. तेव्हा वाचकांनी माझ्याकडून उलगड्याची फार आशा धरू नये.

मी वसमतच्या एका शाळेत चित्रकलेचा शिक्षक होतो. ज्यांना हा पेशा माहीत नाही त्यांना सांगतो: चित्रकलेचा शिक्षक म्हणजे ज्याचा तास गणिताचे सर कधीही मागून घेऊ शकतात असा माणूस. शाळेतले फलक, प्रमाणपत्रांवरची नावं, गणपतीची आरास, पाहुणे येणार असले की दारातली रांगोळी, हे सगळं आमच्या अंगावर. उरलेल्या वेळात आम्ही मुलांना ग्रेडच्या परीक्षांना बसवतो. त्यात एक किटली, दोन वांगी आणि सुरकुत्या पडलेलं कापड समोर ठेवून हुबेहूब काढायचं असतं. स्मरणचित्राला 'बाजार' हा विषय आला की इतर गावची मुलं फुगेवाला काढत. आमची मुलं हळदीचे ढीग काढत आणि अर्ध्या तासात पिवळा रंग संपवून एकमेकांकडे मागत बसत. त्यांना मी रागवायचो. आता वाटतं, उगाच रागावलो.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. हिंगोली जिल्हा अजून झाला नव्हता, आम्ही परभणीत होतो. निवडणुकीच्या कामावर मला हट्ट्याला पाठवलं होतं. मतदानाची खोली लावून झाल्यावर दुपारी पाय मोकळे करायला निघालो, तर एका अंगणात उकडलेली हळद वाळत घातलेली आणि वाळलेल्या हळदीचा ढीग एका जाड कापडाने झाकलेला. कापडाच्या कडेला मला एक पाऊल दिसलं. रंगवलेलं, खऱ्या पावलाच्या मापाचं. टाचेला भेगा होत्या.

मी वाकून कापड उलगडलं. नाटकाचा जुना पडदा होता, महालाचा. पूर्वी गावोगाव हौशी नाटक मंडळं असत आणि प्रत्येकाकडे असे रंगवलेले तीन-चार पडदे असत. एक पाहिला की शंभर पाहिले, कारण सगळी शहरातल्या पेंटरांची नक्कल. खांब, झुंबर, लाल गालिचा. या महालातही खांब होते आणि झुंबर होतं. पण दारावरच्या भालदाराच्या टाचा फुटलेल्या होत्या, आणि राणीच्या दालनात कोपऱ्यात एक जातं होतं, त्याच्याभोवती पीठ सांडलेलं. मी इतकी वर्षं मुलांना 'दिसतं ते काढा' म्हणून सांगत आलो होतो. ते खरोखर करणारं कोणीतरी इथे होऊन गेलं होतं.

खालच्या कोपऱ्यात लाल रंगात एक वर्तुळ होतं. त्याच्या शेजारी काळ्या शाईत, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ब. क. व्यंकट.

हळद खालीवर करणारी एक साठीची बाई माझ्याकडे पाहत उभी होती. बौद्ध वस्तीतली, मजुरीला आलेली. कोंडाबाई हे तिचं नाव मला पुष्कळ नंतर कळलं, कारण तेव्हा मी ते विचारलंच नाही. कोपऱ्यावर बोट ठेवून मी एवढंच विचारलं, "मावशी, हे व्यंकट कोण?"

"व्यंकटराव. चावडीत कारकून व्हते. मेले आता."

"हे त्यांनीच केलं का?"

"व्हय, त्यानंच लिवलं."

जुन्या मराठीत चित्र काढत नसत, चित्र 'लिहीत' असत. हा प्रयोग मी फक्त पुस्तकात वाचला होता, आणि इथे एक निरक्षर बाई तो सहज बोलून गेली! मी तिला जरा बाजूला सरायला सांगितलं आणि पडद्याचा फोटो घेतला.

पडद्याच्या मालकाला नवी ताडपत्री दिली आणि पडदा वसमतला आणला. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याच मंडळाचे आणखी तीन पडदे मिळाले. रस्त्याचा एका माळ्यावर, नदीचा देवळाच्या खोलीत आणि जंगलाचा एका गोठ्याच्या कुडाला ठोकलेला. जंगलाचा सगळ्यांत अफाट. पळसाच्या झाडांतून ओझ्याच्या बैलांची रांग चाललीय, पाठीवर गोण्या, प्रत्येक बैलाची शिंगं निराळी, आणि एक बैल मान वळवून थेट आपल्याकडे बघतो. चारही पडद्यांवर तेच अक्षर आणि तसंच वर्तुळ. जंगलावरचं वर्तुळ मात्र इतरांपेक्षा बरंच मोठं होतं. माझ्या वहीत मी त्याची नोंद 'कलावंताचा वाढता आत्मविश्वास' अशी केली.

व्यंकटरावांचे चिरंजीव दिगंबरराव हट्ट्यातच शेती करत. पहिल्या भेटीत ते हसलेच. "सर, आमच्या बापाला चित्र कुठलं येतंय? अक्षर मात्र मोत्यावानी व्हतं. नाटकाचं मंडळ बी त्येच चालवायचे."

"मग 'ब. क.' म्हणजे काय?"

"काय की. आमच्या आज्याचं नाव लिंबाजी. ते ब नं बी सुरू व्हत न्हाई अन् क नं बी न्हाई."

इथे मी थांबायला हवं होतं. पण मी ठरवूनच टाकलं होतं की हे टोपणनाव असणार. मोठे कलावंत टोपणनाव घेतातच. एका वार्षिकात मी लांबलचक लेख लिहिला. तो छापून आल्यावर दिगंबररावांना हळूहळू आठवायला लागलं. आधी आठवलं की बाप पाटीवर मोर काढायचा. दुसऱ्या वर्षी तो मोर भिंतीवर गेला. तिसऱ्या वर्षी कळलं की निजामाच्या कोण्या अंमलदाराने बापाचं चित्र हैदराबादला नेलं होतं. मी सगळं वहीत उतरवून घेत होतो.

लेखामुळे मी पंचक्रोशीत 'जुन्या चित्रांचा माणूस' झालो. एक गृहस्थ एसटीने चादरीत गुंडाळलेली लक्ष्मी घेऊन आले, पणजोबांनी काढलेली म्हणून. खाली छापखान्याचं नाव होतं. ते दाखवल्यावर म्हणाले, "मग पणजोबा छापखान्यात असतील." सिद्धेश्वर धरणाकडून एक बाई सासूची गोधडी घेऊन आली. गोधडीवर धरणाचं पाणी होतं, चिंध्यांच्या निळ्या-करड्या पट्ट्यांनी केलेलं, आणि त्यात एकच लाल ठिपका, होडीचा. मी तिला सांगितलं की गोधडी चित्रात धरत नाहीत. "कोण धरत न्हाई?" तिने विचारलं. तरी ती गोधडी मी परत पाठवली. ही बाई मला अजून आठवते आणि वाईट वाटतं.

मग मिलिंद आला. माझा जुना विद्यार्थी, शहरात चित्रकार झालेला, भिंतीएवढे कॅनव्हास रंगवणारा. लेख वाचून मुद्दाम आला आणि जंगलाच्या पडद्यासमोर अर्धा तास मांडी घालून बसला. म्हणाला, "सर, कॉलेजात सगळी पोरं आपापल्या परंपरा सांगायची. मला वाटायचं आपल्या मागं कोणीच नाही. मी आपलं तुमचं नाव सांगायचो." याचा आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं ते मला कळलं नाही.

त्याचं सगळं लक्ष त्या वर्तुळाने वेधलं. सही म्हणून वर्तुळ काढणारा माणूस केवढा विचारी असला पाहिजे, यावर आम्ही दोघं दोन दिवस बोललो. वर्षभरात मिलिंदने पाच कॅनव्हास रंगवले, मालिकेचं नाव 'शून्य'. आमचं ठरलं की शाळेच्या सभागृहात एका भिंतीवर ते चार पडदे आणि समोरच्या भिंतीवर मिलिंदचे पाच कॅनव्हास लावायचे, जुनं आणि नवं समोरासमोर. तिथून सगळं शहरातल्या एका कलादालनात जाणार होतं. निमंत्रणपत्रिका छापल्या: 'विस्मृत चित्रकार ब. क. व्यंकट'. दिगंबररावांना शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं. जंगलाच्या पडद्याचा फोटो वर्तमानपत्रात आला.

प्रदर्शनाला आठ दिवस होते. माझ्या सेवापुस्तकात एका पानावर माझंच नाव चुकीचं पडलं होतं, ते निवृत्तीआधी नीट करायचं म्हणून मी तहसीलसमोर खाजामियाँकडे गेलो. हे लिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं लिहून देत. जुनी मोडी आणि उर्दू कागदपत्रं वाचायलाही लोक त्यांच्याकडेच येत. ते माझा अर्ज लिहीत होते आणि मी त्यांच्या टेबलावरचं कोणाचंसं जुनं खरेदीखत उगाच पाहत होतो. खाली एक वर्तुळ होतं. शेजारी लिहिलं होतं, 'ब. क.', आणि पुढे एक नाव.

"खाजामियाँ, हा ब. क. इथं कसा आला?" मी जवळजवळ ओरडलो.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "क्या सर, इतने साल मास्तरी की, और बकलम नहीं मालूम? ब. क. यानी बकलम. फलाने के कलम से. जिसको लिखना नहीं आता वो निशानी करता, और बाजू में लिखनेवाला अपना नाम डालता. अंगूठा तो बाद में आया. पहले कुणब्याची निशाणी नांगर, सुताराची पटाशी."

"आणि हे वर्तुळ?"

"वर्तुळ कैसा? बांगडी है ये. औरत की निशानी."

मी तिथेच बाकावर बसलो. शाळेच्या पगारपत्रकावर आमच्या शिपायाच्या अंगठ्याशेजारी 'समक्ष' म्हणून मी वर्षानुवर्षं सही केली होती. म्हणजे तो अंगठा माझा झाला होता का? ज्याने नुसती अक्षरं लिहिली त्याला मी चित्रकार केलं होतं, आणि जिने चित्र काढलं होतं तिची सही समोर असून मला ती वाचता आली नव्हती. 'त्यानंच लिवलं' या दोन शब्दांत त्या बाईने मला सगळं सांगितलं होतं, तर ते मी पुस्तकातल्या शब्दांनी झाकून टाकलं.

मिलिंदला फोन करून सगळं सांगितलं.

"म्हणजे सर, माझं शून्य?"

"बांगडी."

"पाचही?"

"पाचही."

दुसऱ्या दिवशी हट्ट्याला गेलो. दिगंबररावांनी कार्यक्रमासाठी नवा सफारी शिवून घेतला होता, तो खुंटीला टांगलेला दिसत होता. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, गावात चित्रं काढणारी बाई कोण होती? ते मान खाली घालून म्हणाले, "कोंडाबाई. दुसरी कोण असती?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"ठाऊक असल्यावानी व्हतं. लहान व्हतो मी. पण सर, बाप चितारी न्हाई असं पयल्या दिवशीच म्हणलं होतं का न्हाई मी? आठ वर्षं तुमीच सांगून राहिले, तुमचा बाप मोठा मानूस व्हता. आता बराबर पटलं, तं तुमीच माघारी नेता व्हय?"

त्यांचा बाप मीच मोठा केला होता आणि मीच परत कारकून करायला आलो होतो. मी चहा न घेताच उठलो.

कोंडाबाईंचं घर वस्तीच्या टोकाला. पाहतो तर हळदीच्या अंगणात भेटलेली तीच बाई. वय झालं होतं, पण नजर अजून शाबूत होती. मी विचारलं, "मावशी, ते पडदे तुम्ही काढले?"

"व्हय. आमीच काढले."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी कवा इचारलं? तुमी इचारलं व्यंकट कोण. ते सांगितलं म्या."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. कोंडाबाई लोकांच्या घरच्या भिंती सारवायच्या, पोतारायच्या, आणि कडेने झाडं-पाखरं काढायच्या. नाटकाला थोडेच दिवस उरले असताना शहरातला पेंटर आलाच नाही. व्यंकटरावांनी त्यांच्या भिंती पाहिल्या होत्या. "म्हणाले, काढशील का? खळ्यात कापड अंथरलं, काव, चुना, नीळ कालवली अन् काढलं. असं तीन मोसम चाललं. मग मंडळातले लोक म्हणले, खाली पेंटरचं नाव टाका. आमच्या वस्तीच्या बाईनं महाल काढला म्हणलं असतं, तं त्या वक्ताला त्याच्यापुढं कोण उभं राहतंय? व्यंकटराव म्हणाले, तू बांगडी काढ, बाजूला मी लिहितो. खोटं न्हाई लिवलं त्यानं. पण खरं बी कोणाला वाचता आलं न्हाई."

हे व्यंकटराव मला आजही कळत नाहीत. त्या माणसाने तिची सही पडद्यावर राखली म्हणावं, की तिच्या शेजारी स्वतःचं नाव लिहून तिला पुसलं म्हणावं? कधी एक वाटतं, कधी दुसरं. कदाचित तो फक्त कारकून होता आणि त्याला दुसऱ्या रीतीने लिहिताच येत नव्हतं.

"मावशी, आता तुमचं नाव लावतो. चालेल?"

"लावा. पडदे टांगलेले बघाया मिळतील का पण?"

"म्हणजे? तुम्ही पाहिले नाहीत?"

"जमिनीवर पाहिले, काढताना. नाटकाला आमाला समूर बसू देत नव्हते. मागल्या अंगानं पाहायचो. मागून रंग कुठला दिसतोय?"

परतीच्या एसटीत मला रडू आलं, हे लिहायला आता लाज वाटत नाही.

नवीन पत्रिका छापायला वेळ नव्हता. उरलेल्या पत्रिकांवर मी हाताने नाव खोडून 'कोंडाबाई, हट्टा' असं लिहिलं, आणि प्रत्येक पडद्याखाली लावायच्या चार चिठ्ठ्या माझ्या उत्तम अक्षरात लिहून काढल्या. मिलिंदने आपल्या मालिकेचं नाव बदललं नाही. म्हणाला, "राहू द्या सर. मला शून्यच कळत होतं, हेही लोकांना दिसू द्या."

प्रदर्शनाच्या दिवशी पाहुणे यायच्या तासभर आधी दारात पाहतो तर दिगंबरराव. अंगात नवा सफारी, आणि सोबत कोंडाबाई, धुवट लुगड्यात. त्यांना एसटीने तेच घेऊन आले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "बापाचं अक्षर तं हाये ना त्याच्यावर? मग येतो की."

कोंडामावशी पहिल्यांदाच आपले पडदे उभे पाहत होत्या. महालापाशी गेल्या आणि भालदाराकडे बघून तोंडाला पदर लावून हसल्या. "ह्या माझ्या बापाच्या टाचा." रस्त्याच्या पडद्यावरून हात फिरवला. नदीच्या पडद्यावर एक जागा दाखवून म्हणाल्या, इथं नीळ कमी पडली होती. मग जंगलासमोर आल्या आणि थांबल्या. खालच्या चिठ्ठीवर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, "इथं काय लिवलं?"

"तुमचं नाव."

"हा माझा न्हाई."

मिलिंद समोरच्या भिंतीपासून धावत आला. मी विचारलं, "तुमचा नाही? मग कोणाचा?"

"ती लमाणांच्या तांड्यावरली. मोसमात हळद शिजवायला यायची. तिचे आजे-पणजे बैलावर मीठ-धान्य वाहायचे म्हणे, ते ऐकलेलं काढलं तिनं. बांगडी बी तिचीच हाये, दंडातली. म्हणून मोठी." 'आमीच काढले' मधलं 'आमी' म्हणजे दोघी होत्या. मी ते 'मी' ऐकलं होतं.

"तिचं नाव काय, मावशी?"

त्यांनी आठवून पाहिलं. "नाव न्हाई ठाऊक. खळ्यात दोघीच तं राहत होतो. हाक मारायला नाव कशाला लागतंय?"

बाहेर गाड्यांचे आवाज यायला लागले. वर्तमानपत्रात फोटो आला होता तो ह्याच पडद्याचा, कलादालनाला हवा होता तो हाच. मी जे बोललो ते मला शोभणारं नव्हतं, पण बोललो. "मावशी, आता कोणाला कळणार आहे? राहू द्या तुमचंच नाव."

त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नाही. "तिचा हात माझ्याहून चांगला व्हता, मास्तर. तवाच दिसलं मला, काढू लागली तवाच. पण तिला म्या एक डाव बी म्हणले न्हाई. जळायचे मी. आता तिचं चित्र बी माझं म्हणू व्हय?"

मी जंगलाखालची चिठ्ठी काढून घेतली. तिच्या जागी काय लावावं ते त्या दिवशी सुचलं नाही. पुढे मी सिद्धेश्वरकडचे तांडे पालथे घातले तरीही सुचलेलं नाही. दिगंबररावांनी मावशींसाठी खुर्ची आणली, ती त्यांनी जंगलाच्या पडद्यासमोर ठेवायला लावली आणि सभेकडे पाठ करून बसल्या. दीपप्रज्वलन झालं, भाषणं झाली. शाल द्यायला माइकवरून त्यांचं नाव दोनदा पुकारलं तरी त्या उठेनात, म्हणून मी जवळ जाऊन वाकून सांगितलं, "मावशी, तुम्हाला बोलवत आहेत."

"थांबा म्हणा जरा," त्या म्हणाल्या. "मी बघून राहिले."